धोंडीरामची पाळतवही

तलवाड्याच्या धोंडीरामला दूधवाल्याचा संशय, शेजाऱ्याचा संशय, औषधवाल्यानं दिलेल्या गोळ्यांचा संशय. एसटीत बसला तरी कंडक्टरला दोनदा विचारणार, गाडी गेवराईलाच जाते ना, आणि मग शेजारच्या बाईला तिसऱ्यांदा. त्याची बायको छबुबाई सांगायची, लग्नात अंतरपाट धरला तेव्हा हा माणूस वाकून खालून बघत होता, पलीकडं दाखवलेलीच पोरगी उभी हाय का दुसरीच. सगळा मांडव हसला. धोंडीराम आजही म्हणतो, बघितलं त्यात माझं काय चुकलं?

आता अगदीच उगाच म्हणावं तर तसंही नव्हतं. तरुणपणी तो गेवराईला तहसीलसमोर पत्र्याच्या शेडमध्ये टाइपरायटर घेऊन बसायचा. बावीस वर्षं बसला. तिथं एकदा पांढऱ्याशुभ्र कपड्यातला, गोड बोलणारा एक गृहस्थ आला, चहा पाजला आणि त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र टाइप करून घेऊन गेला. ते निघालं खोटं. गृहस्थ गेला पसार होऊन, आणि दोन दिवस ठाण्यात बसला कोण, तर धोंडीराम. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला. स्वतः तपासल्याशिवाय कशावर सही नाही आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावर विश्वास नाही.

पुढं टाइपरायटर गेले आणि धोंडीरामनं गावात स्टँडजवळ ऑनलाइन केंद्र टाकलं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म. हे सगळं चालायचं ते सरकारनं त्याच्या नावावर दिलेल्या आयडीवर. तो आयडी म्हणजे त्याचा जीव. एक खोटा कागद त्या आयडीवरून गेला की आयडी बंद, दुकान बंद, वर पोलीस दारात. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला दुसरं काम कोण देणार होतं? अशा कुठल्या केंद्रात भानगड झाल्याची बातमी कुठूनही आली की त्या दिवशी त्याला जेवण जात नसे.

अशा माणसाच्या दुकानात गेल्या श्रावणात बबिता कामाला आली.

पोरगी बावीस वर्षांची. आईबाप ऊसतोडीला जाणारे, दसरा झाला की कारखान्यावर आणि चैत्रात परत. ही बीडला वसतिगृहात राहून शिकली आणि आता गावात चुलतीकडं राहत होती. पहिल्या दिवशी धोंडीरामनं तिच्यापुढं माऊस सरकवला, तर तिनं तो हळूच बाजूला केला. म्हणाली, वसतिगृहात बारा कॉम्प्युटर होते आणि माऊस तीनच चालायचे, म्हणून बाईंनी सगळं बटणांवरच शिकवलं. आणि मग तिची बोटं सुरू झाली. खिडकी उघडतेय, मिटतेय, एकीतला मजकूर दुसरीत जाऊन बसतोय, छापायला जातोय, आणि माऊस आपला कोपऱ्यात पडून. जी रांग दुपारपर्यंत हटत नसे ती अकरालाच संपली. लोक खूश झाले. धोंडीरामच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

त्याचं म्हणणं साधं होतं. माऊसचा बाण पडद्यावर फिरतो, माणूस कुठं चाललाय ते मागं उभं राहून दिसतं. टाइपरायटरवरसुद्धा प्रत्येक अक्षराचा ठोका कागदावर उठायचा. ही पोरगी दोन बटणं दाबते आणि काहीतरी होतं. काय झालं, कुणी केलं, कुठून गेलं, कशाचाच माग नाही. असलं काम सरळ माणूस कशाला करील?

त्यानं विचारलं तसं तिनं न लपवता सांगितलं. आपल्याकडं ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. तिनं तोच धागा धरला.

"काका, कंट्रोल एकटा दाबला तर कायबी व्हत न्हाई. एकट्या माणसाला मुकादम नेतो का? जोडी लागती. एकानं ऊस धरायचा, एकानं तोडायचा. तसा कंट्रोल धरून ठिवायचा आन् दुसऱ्या बटनानं काम करायचं."

सी म्हणजे नक्कल, व्ही म्हणजे ती चिकटवायची, झेड म्हणजे झालेली चूक मागं घ्यायची, पी म्हणजे छापायचं, एफ म्हणजे शोधायचं. दुकानात दुसरं एक जुनं मशीन होतं. त्यावर विंडोज रांगायला लागली म्हणून बीडच्या एका माणसानं लिनक्स ही दुसरी प्रणाली घालून दिली होती. तिथंही तिची बोटं तशीच चालत. फक्त तिथल्या काळ्या खिडकीत कंट्रोल आणि सी दाबलं तर नक्कल होत नाही, चालू कामच बंद पडतं. तिथं मधे शिफ्टही धरावा लागतो, हे तिनं त्याला दोनदा बजावलं. धोंडीरामनं मान डोलावली. मनात म्हणाला, बजावतेय म्हणजे त्या मशीनला मी हात लावू नये असं हिला वाटतंय.

तिसरं मशीन दुकानाचं नव्हतं. ते विजयसिंहाचं होतं. विजयसिंह म्हणजे गावच्या मोठ्या घरातला. ऐंशी एकर जमीन, चुलता राजकारणात, स्वतःची एक शिक्षण संस्था. दुकानाचं इंटरनेट वेगाचं म्हणून तो दुपारचा येऊन आतल्या खुर्चीवर बसायचा. त्याच्याकडं सफरचंदाचं चित्र असलेला महागडा लॅपटॉप होता, नवाकोरा, आणि त्याला तो धड चालवता येत नव्हता. एकदा बराच वेळ तो कंट्रोल आणि सी दाबत बसला होता. बबितानं लांबूनच सांगितलं, दादा, ह्याच्यावर कंट्रोलचं काम कमांडचं बटण करतं. कमांड-सी, कमांड-व्ही, आणि खिडकी बदलायला कमांड आणि टॅब. ऊस धरणारा बदलला, तोडणारा तोच. विजयसिंह तिच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, पोरगी लई हुशार हाय, धोंडीराममामा, लक्ष ठेवा.

लक्ष ठेवा म्हणे. धोंडीरामला हे सांगायची गरज होती का? तो आधीच डोळ्यात तेल घालून बसला होता.

दोन गोष्टी त्याला जास्त खुपत. एक म्हणजे तो मागं येऊन उभा राहिला की पडदा बदलायचा. अंगठा ऑल्टवर, बोट टॅबवर, आणि आधी होतं ते गायब. विचारलं तर म्हणे, माणसाचं आधार, बँकेचं पुस्तक उघडं असताना मागं कुणी आलं तर झाकायचं, आमाला तसंच शिकवलंय. अगं, पण मी मालक आहे! दुसरी गोष्ट कुलपाची. बबिता पाणी प्यायला उठली तरी खिडकीचं चित्र असलेलं बटण आणि एल दाबून जायची. मशीन कुलूपबंद. आयडी धोंडीरामचा, दुकान धोंडीरामचं आणि कुलूप लावणार ही.

त्यानं एक छोटी वही केली. ती बनियनच्या खिशात राहायची. पोरगी काय दाबते, केव्हा दाबते, त्यानंतर काय होतं, सगळं बारीक अक्षरात. 'खिडकी बटण + डी. सगळ्या खिडक्या गायब.' 'कंट्रोल + डब्ल्यू. पान मिटलं.' 'कंट्रोल + शिफ्ट + टी. मिटलेलं पान परत आलं!! म्हणजे मिटलेलं मिटत नाही.' 'कंट्रोल + एच. मोठी यादी, वेळा लिहिलेल्या. मला बघून लगेच बंद केली.' छबुबाईला धुण्यात ती वही सापडली तेव्हा तिला वाटलं नवऱ्यानं आता मंत्रतंत्र सुरू केलं. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, एवढ्यात तर तुमचंच शिकून झालं असतं की! पण धोंडीराम शिकत नव्हता, पुरावा गोळा करत होता.

दिवाळीनंतर त्यानं फर्मान काढलं. आजपासून माऊसनंच काम करायचं. मशीनला कुलूप लावायचं नाही. आणि दुपारी दीड ते सव्वादोन, म्हणजे तो घरी जेवायला जातो तेव्हा, बबितानं दुकानात थांबायचं नाही. आपला डबा मारुतीच्या पारावर जाऊन खायचा. बबितानं ऐकून घेतलं. तिनं एकदाच विचारलं, मग दुकानात कोण? धोंडीराम म्हणाला, दादा बसलेले असतात की.  ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली, आणि ते बघणंही त्यानं वहीत लिहून ठेवलं.

त्यानंतर त्याला जरा स्वस्थ वाटलं. मोठ्या घरचा माणूस दुकानात बसलाय म्हटल्यावर भाकरी गोड लागायची. तरी पाराजवळच्या रामप्रसाद किराणावाल्याला त्यानं सांगून ठेवलं होतं, पोरगी तिथून हलते का ते बघत जा. रोज संध्याकाळी तंबाखू घेण्याच्या निमित्तानं जायचं, विचारायचं आणि वहीत लिहायचं. डिसेंबरच्या सोळा तारखेला दाढ दुखते म्हणून तिनं सुट्टी घेतली. रामप्रसादनं तिला गेवराईच्या गाडीत चढताना बघितलं. गाल सुजलेला नव्हता. तेही लिहिलं.

आणि जानेवारीत तालुक्याहून नोटीस आली.

रब्बीच्या पीक विम्याचे नऊ अर्ज धोंडीरामच्या आयडीवरून गेले होते. नऊही जमिनी ऊसतोडीला गेलेल्या माणसांच्या; नोटिशीत मात्र त्यांची नावं नव्हती, नुसते जमिनीचे गट नंबर. ते बिचारे तिकडं कारखान्यावर, आणि इकडं त्यांची जमीन भाड्यानं केली असे खोटे करार लावून तिसऱ्याच माणसांच्या नावानं विमा भरलेला. करारावरची नावं तलवाड्यात कुणाच्याच ओळखीची नव्हती. सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर आयडी बंद करून गुन्हा दाखल होईल, असं खाली लिहिलं होतं. धोंडीरामनं ती दोनदा वाचली. ठाण्यातलं ते बाकडं, तो डांबराच्या गोळ्यांचा वास, सगळं तीस वर्षांनी परत आलं.

आणि लगेच दुसरं वाटलं, ते कबूल केलंच पाहिजे. त्याला बरं वाटलं. मी म्हणत नव्हतो?

विजयसिंहानं नोटीस वाचली, हळहळला आणि दुसऱ्याच दिवशी खुलासा टाइप करून घेऊन आला. सुबक, मुद्देसूद. हे सर्व अर्ज केंद्रातील कर्मचारी बबिता हिने माझ्या अपरोक्ष भरले असून तिच्यावर कायदेशीर कारवाई व्हावी. खाली सहीला जागा. विजयसिंह म्हणाला, "मामा, तुमी सही करा. सायबाला मी बोलतो. आयडीला धक्का लागणार न्हाई, माझा शब्द."

धोंडीरामनं पेन उघडलं. पोरीचा त्याला राग होता, आयडीची भीती होती आणि समोर मोठ्या माणसाचा शब्द होता. सही व्हायला दुसरं काय लागतं? पण त्याचा हात थांबला. दया आली म्हणून नव्हे हो, एवढा मोठा तो अजून झाला नव्हता. दुसऱ्यानं टाइप करून आणलेल्या कागदावर न तपासता सही, हे त्याच्या हाडातच बसत नव्हतं. तो म्हणाला, दादा, आजचा दिवस ठेवा, माझ्याकडं वही हाय, पुरावाच जोडू. विजयसिंहानं कसली वही ते विचारलं. धोंडीराम म्हणाला, हाय एक.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकान बंद होतं. धोंडीराम शटर आतून ओढून मशीनसमोर बसला आणि वही उघडून एकेक जोडी दाबायला लागला. खिडकी आणि डी दाबल्यावर सगळं गायब झालं, तेव्हा त्याला वाटलं मशीनच गेलं. परत दाबल्यावर सगळं जागेवर आलं. मग कंट्रोल आणि एच. ती मोठी यादी उघडली. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणतं पान उघडलं, सगळं ओळीनं. तो खाली खाली जात राहिला. डिसेंबर आला.

नोटिशीत अर्जांच्या तारखा होत्या. पहिला तीन डिसेंबरचा. यादीत तीन डिसेंबरला विम्याचं पान उघडलेलं, एक वाजून एक्केचाळीस मिनिटांनी. त्याला वाटलं घड्याळ चुकलं असेल. चार तारीख, एक पंचेचाळीस. सहा तारीख, एक एकोणचाळीस. नऊच्या नऊ, सगळे दीड ते सव्वादोनच्या मधे. त्यानं वही उलटली. त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'तीन डिसें. ब. पारावर, हलली नाही. रामप्रसादकडून खात्री केली.' 'चार डिसें. ब. पारावर.' 'सहा डिसें. ब. पारावर.' पोरगी तिथं नव्हती याला साक्षीदार कोण, तर तो स्वतः.

आणि यादीत दर दोन-तीन ओळींमागं आणखी एक पान होतं. विजयसिंहाच्या संस्थेचा मेल. एका बाजूला विम्याचा अर्ज, एका बाजूला तो मेल, पुन्हा अर्ज. म्हणजे खोटे करार त्या मेलमधून येत होते. बाई-बाप्यांचे आधार आणि सातबारे तर त्याच मशीनवर गावनिहाय ठेवलेले होतेच, खरिपापासूनचे.

धोंडीरामनं वही मिटली. मशीनला कुलूप लावू नको म्हणून कुणी सांगितलं? पोरीला बाहेर कुणी घालवलं? खुर्ची कुणी दिली? तीस वर्षांपूर्वी पांढऱ्या कपड्यातल्या त्या माणसानं फसवलं, आता विजयसिंहानं, आणि ह्या वेळी तर तो दुसऱ्याच कुणाकडं संशयानं बघत बसला होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं एकट्यानंच तोंड फिरवलं.

यादीतल्या प्रत्येक ओळीशेजारी एक छोटा चौकोन होता. त्यावर टिचकी मारली की ओळ पुसायची सोय. तेही त्यानं बघितलं. एवढ्या ओळी पुसल्या, खुलाशावर सही केली, की आयडी राहतो, दुकान राहतं, विजयसिंह उपकार मानतो. पोरीचं काय होईल? जाईल आईबापाबरोबर ऊस तोडायला. त्याचा हात माऊसवर होता. त्यानं तो काढून मांडीवर ठेवला आणि यादी छापायला घातली.

सोमवारी बबिता आल्या आल्या त्यानं तिला बसवलं, छापलेली यादी, नोटीस आणि वही तिच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. वहीसुद्धा सांगितली. रामप्रसादचंही सांगितलं. त्याला वाटलं ती रडेल, भांडेल. तिनं नोटीस उचलली, पण ती वाचली नाही. तिला ती माहीत असल्यासारखी पुन्हा खाली ठेवली.

"ह्यातला एक गट माज्या बापाचा हाय, काका. हरभऱ्याचा इमा भरायला मी चौदा तारखेला बसले तर आधीच भरलेला. तुमच्या आयडीवरून. मीच गेलते गेवराईला, दाढ दुखत नव्हती. ही नोटीस माज्या तक्रारीवरनं आलीय."

 धोंडीराम म्हणाला, मग मला का नाही सांगितलंस?

"तुमीच कुलूप लावू दिलं न्हाई. तुमीच मला रोज दुपारी बाहेर घालवलं. मला वाटलं, ह्याच्यासाठीच घालवताय. तक्रारीत म्या तुमचंच नाव दिलंय."

आयुष्यभर जगावर संशय घेतला, पण आपल्यावरही कुणी घेत असेल हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ती आपल्याला इतके दिवस चोर समजून, समोर बसून, काका म्हणत काम करत होती.  वाईट ह्याचं वाटलं, की तिचा हिशेब बरोबर होता. चोरानं जे केलं असतं तेच सगळं त्यानं केलं होतं.

ती म्हणाली, तुमचं नाव काढून घेते. तो म्हणाला, "नको. राहू दे."

मग त्यानं टाइप न करता हातानं खुलासा लिहिला. मशीन उघडं ठेवण्याचा आणि कर्मचाऱ्याला बाहेर पाठवण्याचा हुकूम माझा, त्या वेळात दुकानात विजयसिंह बसत, त्यांना मीच बसवत असे, सोबत यादी आणि वही जोडली आहे. विजयसिंहाचं नाव लिहिलं की उद्यापासून त्या घराशी वैर होतं, आणि आयडी वाचेल याची खात्री कुणीच देणार नव्हतं. तरी नाव आडनावासकट लिहिलं, सही केली आणि साक्षीदार म्हणून सही करशील का असं बबिताला विचारलं.

तिनं कागद घेतला. सही केली नाही. आधी वरपासून बोट ठेवून एकेक ओळ वाचली, संपल्यावर कागद उलटून मागची कोरी बाजू बघितली, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. धोंडीराम समोर उभा होता. बाहेर गिऱ्हाईक हाक मारत होतं. त्यानं तिला घाई केली नाही.